बोटीच्या इंजिनातलं कूलंट रोज कमी होतं, खाली मात्र थेंब नाही. गळती कशी शोधावी?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की रोज अर्धा लिटर कूलंट घालावं लागतं, क्लिपा दोनदा आवळल्या तरी फरक नाही. आवळणं थांबवा, जास्त आवळलं की क्लिप पाइपच कापते.

बोटीच्या इंजिनात पाणी दोन असतं. एक आत फिरणारं कूलंट, दुसरं त्याला थंड करायला तलावातून ओढलेलं. ओल दिसली तर कोकणातला मेकॅनिक खारट आहे का ते जिभेवर बघेल. आपल्याकडे तलावाचं पाणी गोडं आणि कूलंट विषारी, तेव्हा चाखू नका. बोटांत चोळा, कूलंट बुळबुळीत लागतं.

रामटेकजवळ खिंडसीला एका बोटीवर मी पुरता फसलो होतो. ओल इंजिनाच्या मागच्या पायाशी, म्हणून मागचा पाइप बदलला. दुसऱ्या दिवशी ओल तिथंच! मग इंजिन पुसून कोरडं केलं, जोडांवर टाल्कम पावडर मारली नि चालू केलं. दहा मिनिटांत पावडरीत ओली रेघ उमटली, पार पुढच्या वॉटर पंपापासून. पंपाच्या पोटाला बारीक भोक असतं, सील गेलं की तिथून गळतं. ते एम-सीलनं बुजवू नका, पाणी बेअरिंग खाईल. सील बदला.

बारीक गळती गरम इंजिनावरच वाळते आणि हिरवट-पांढरी खपली उरते. टॉर्च घेऊन आधी ती शोधा.

खपलीही नसेल तर ट्रकच्या गॅरेजमधून रेडिएटर टेस्टर, म्हणजे दाब भरायचा काटेवाला हातपंप, मागून आणा. इंजिन थंड असतानाच कूलंटचं झाकण काढा, झाकणावर लिहिलाय तेवढाच दाब भरा आणि 15 मिनिटं काटा बघा. काटा उतरला नि बाहेर सगळं कोरडं, म्हणजे पाणी आतच कुठेतरी जातंय. डिपस्टिकवर ऑइल दुधाळ दिसलं तर इंजिन चालवूच नका, हेड गॅस्केट किंवा ऑइल कूलर गेलाय. ऑइल स्वच्छ असेल तर माझा संशय हीट एक्स्चेंजरवर, म्हणजे तलावाच्या पाण्यानं कूलंट थंड करणाऱ्या नळ्यांच्या डब्यावर. त्याची नळी फुटली की कूलंट तलावाच्या पाण्यात मिसळून सायलेन्सरवाटे बाहेर पडतं, बोटीत थेंबही दिसत नाही. एक्स्चेंजरची टोकाची झाकणं उघडून पुन्हा दाब द्या. ज्या नळीतून पाणी झिरपेल ती फुटलेली.

गळती बुजवायला कोणी रेडिएटरसारखी हळद टाकायला सांगेल. ऐकू नका, त्या बारीक नळ्या चोंदल्या तर मे महिन्यात इंजिन अर्ध्या तलावातच उकळेल.