पडद्यावर दिसला का, कागदावर सापडला का?

कोल्हापूर

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

तू ज्या जुन्या नटाच्या चित्रपटांची यादी करते आहेस, त्याचे चित्रपट एका यादीत पन्नासच्या आसपास, दुसरीत सत्तरच्या वर, आणि घरची माणसं म्हणतात, शंभर तरी असतील. यातला खरा आकडा कोणता, असं विचारलंयस. सध्या कुठलाच धरू नकोस. आकडा सगळ्यात शेवटी येतो. नायकाचं काम लोकांच्या तोंडी राहतं. पाटील, कारभारी, हवालदार, सरदार उभे करणाऱ्याचं राहत नाही, म्हणून त्याच्या बाबतीत नियम जास्त कडक हवा. पडद्यावर चेहरा दिसला पाहिजे किंवा त्या काळच्या कागदावर नाव सापडलं पाहिजे. दोन्ही नसेल तर नोंद नाही.

प्रत्येक चित्रपटाला एक कार्ड कर. त्यावर नाव जसं छापलंय तसंच उतरव, शुद्धलेखन सुधारू नकोस. भूमिका, आधार, तो आधार कुठे आणि कोणत्या तारखेला पाहिलास, हे लिही. वरच्या कोपऱ्यात अ, ब किंवा क. चेहरा स्वतः ओळखलास तर अ. गाण्यांची पुस्तिका, जाहिरात, हँडबिल यांत नाव मिळालं तर ब. कुणी सांगितलं, कुठे वाचलं, ते क. क फेकू नकोस, पण यादीतही घेऊ नकोस. याद्या एकमेकींवरून उतरवलेल्या असतात, त्यामुळे तीन ठिकाणी सापडलं म्हणजे तीन पुरावे झाले, असं होत नाही. हे मी तुला आधीही सांगितलंय. पुन्हा सांगावं लागतंय, कारण पत्रात तू परत याद्यांचीच बेरीज केली आहेस.

नावांचा घोळ सगळ्यात वाईट. श्रेयनामावलीत नुसतं 'चंद्रकांत' दिसलं तर मांडरे की गोखले? दोघंही मराठी पडद्यावर एकाच काळात होते. मांडऱ्यांचं घरचं नाव गोपाळ, त्यांच्या धाकट्या भावाचं, सूर्यकांतांचं, वामन. म्हणजे शाळेच्या दाखल्यावर किंवा करारावर वेगळंच नाव मिळू शकतं. तुझ्या नटाचं घरचं नाव, गावावरून पडलेलं आडनाव, 'मास्टर' किंवा 'राव' लावून झालेली रूपं यांचा एक वेगळा कागद कर आणि कायम जवळ ठेव.

चित्रपटांच्या नावांतही तोच सापळा. 'सावकारी पाश' १९२५ चा मूकपट आणि १९३६ चा बोलपट, दोन्ही बाबूराव पेंटरांचे, पण चित्रपट दोन. 'अयोध्येचा राजा' १९३२ साली मराठीत आणि हिंदीत झाला. असे जोडचित्रपट वेगवेगळे चित्रित व्हायचे, आणि किरकोळ भूमिकेतला माणूस एकात असून दुसऱ्यात नसू शकतो. म्हणून एका आवृत्तीचा पुरावा दुसरीला लावायचा नाही. दोन कार्डं, दोन आधार.

साल लिहिताना कसलं साल ते लिही. चित्रीकरण, सेन्सॉरचं प्रमाणपत्र आणि प्रदर्शन या तीन तारखांत वर्ष-दोन वर्षांचं अंतर सहज पडतं, आणि कोल्हापुरात लागलेली तारीख पुण्या-मुंबईपेक्षा निराळी असते. त्यासाठी वर्तमानपत्रांच्या बांधीव फायली उघड. 'पुढारी' १९३९ पासून दैनिक आहे, 'सत्यवादी' आहे. करवीर नगर वाचन मंदिरात आधी चौकशी कर, मग विद्यापीठात. सिनेमाच्या जाहिराती शुक्रवार-शनिवारच्या अंकात बघ, आणि फोटो काढताना पानावरची तारीख चौकटीत घे. नुसत्या जाहिरातीचा फोटो पुढे निरुपयोगी ठरतो. नाटकांच्या जाहिरातीत 'पॅलेस थिएटर' दिसलं तर ते आपलं केशवराव भोसले नाट्यगृहच. ऑगस्ट २०२४ मध्ये जळालं तेच.

गाण्यांच्या पुस्तिकेवर एकदम विश्वास टाकू नकोस. बऱ्याचदा ती अंतिम संकलनाआधीच छापायला जायची. नाव पुस्तिकेत असतं आणि माणूस पडद्यावर नसतो. तिच्यावर सालही बहुधा नसतं. मागच्या पानावर तळाशी छापखान्याचं नाव बारीक अक्षरात असतं, ते उतरवून घे.

आता पडद्याकडे. रिळाची सुरुवात आणि शेवट यंत्रात सगळ्यात जास्त झिजतात, त्यामुळे पहिल्या रिळातली नावं अर्धवट राहतात. व्हिडिओ कंपन्यांनी तर पुष्कळदा ती नव्यानं लिहिली. टायटल्समध्ये नाव नाही म्हणून माणूस नाही, असं म्हणू नकोस. आधी लांबी मोज. ३५ मिलिमीटरच्या फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी, म्हणजे फ्रेम, बोलपट सेकंदाला २४ चौकटींनी पळतो, म्हणजे मिनिटाला ९० फूट. प्रमाणपत्रावर १२,००० फूट असेल तर चित्रपट १३३ मिनिटांचा. तुझी प्रत १२८ मिनिटांची निघाली तर घाबरू नकोस. व्हिडिओवर तो सेकंदाला २५ चौकटींनी उतरवला असेल तर तेवढा फरक पडतोच. पण ११० मिनिटं भरली तर दीड-दोन हजार फूट कुठेतरी कापलेत, आणि कात्री चालते ती तुझ्या नटासारख्यांच्या प्रसंगांवर. अशा प्रतीवरून 'नाही' लिहायचं नाही, 'अपुरी प्रत' लिहायचं.

ऐतिहासिकात दाढी, कल्ले, फेटा, रंग. चेहऱ्यावर भरवसा ठेवशील तर फसशील. आवाजही दुसऱ्याचा असू शकतो. कान बघ. पाळी गालाला चिकटलेली की सुटी, वरची कड कुठे वळते, हे दाढीखाली झाकत नाही. नक्की ओळखलेल्या एका फोटोतला कान मोठा करून शेजारी ठेव, आणि प्रसंगाची मिनिट-सेकंदाची नोंद कार्डावर कर. फेट्यात कान गेला असेल तर हात आणि चाल. तरीही शंका राहिली तर क.

जुन्या माणसांना भेटायला जाशील तेव्हा 'त्यांनी कशात काम केलं?' असं विचारू नकोस. आदरापोटी माणसं हो म्हणत जातात. फोटो समोर ठेव, चित्रपटाचं नाव सांगू नकोस आणि गप्प बस. मात्र हे काम आधी कर, फायली नंतर. कागद आणखी दहा वर्षं टिकेल. कोल्हापुरातले मेकअपमन, ध्वनिमुद्रक, संकलक यांच्यातले बहुतेक न विचारताच गेले, याची हळहळ मला आजही आहे. गांधीहत्येनंतरच्या १९४८ च्या जाळपोळीत इथला जयप्रभा स्टुडिओ पेटला, पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं १९६४ मध्ये. त्याआधीचं जे उरलं ते कुणीतरी घरच्या ट्रंकेत ठेवलं म्हणून. संग्रहालयाला लिहिताना 'या नटाचं काय आहे?' असं मोघम विचारू नकोस. चित्रपटाचं नाव, साल, निर्मिती संस्था, आणि हवं काय, प्रत, पुस्तिका की छायाचित्र, असं एकेक लिही.

लोक मला हट्टी म्हणतात. घरच्यांनाही वाईट वाटतं, आमच्या अण्णांचे चित्रपट कमी करता म्हणून. कमी करत नाही. एक चुकीचं नाव सापडलं की वाचणारा बाकीची चाळीस खरी नावंही सोडून देतो, आणि ज्या माणसासाठी हे सगळं चाललंय त्याचंच नुकसान होतं. आदर आहे म्हणूनच पुरावा मागतो. तुलाही आदर आहे, नाहीतर हवालदाराच्या दोन मिनिटांसाठी तू रात्री जागली नसतीस.

शंभराचा विचार सोड. अ ची पंधरा-वीस कार्डं झाली की घेऊन ये, आणि तो नक्की ओळखलेला फोटो बरोबर आण. नसेल तर आधी घरच्यांकडून तेवढा मिळव.

तुझा,
काका