मेमरीची पानं दुसऱ्या न्यूमा नोडवर (म्हणजे दुसऱ्या प्रोसेसर सॉकेटजवळच्या रॅममध्ये) हलवली तर पॉइंटर तुटत का नाहीत? आणि रूट न होता कमांड चालवली तेव्हा माझी निम्मीच पानं का हलली?

पॉइंटरमध्ये आभासी पत्ता असतो आणि लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, त्याला हातच लावत नाही. इंदूरला आमच्या काकांनी रामबागेतलं बिऱ्हाड विजयनगरला नेलं, तरी पोस्टमन ओळखीचा असल्यानं जुन्या पत्त्यावरची पत्रं नव्या घरी येत राहिली. इथे पोस्टमन म्हणजे पेज टेबल, आभासी पत्त्यावरून रॅममधली खरी जागा सांगणारा तक्ता.

कर्नल पान एलआरयू यादीतून (कोणतं पान अलीकडे वापरलं याच्या यादीतून) बाजूला काढतो, त्याला कुलूप घालतो. ज्या ज्या पेज टेबलात त्याची नोंद आहे तिथे 'मायग्रेशन एंट्री' ही तात्पुरती खूण ठेवतो आणि टीएलबीतल्या (पेज टेबलाच्या नोंदी हाताशी ठेवणाऱ्या प्रोसेसरमधल्या कॅशेतल्या) जुन्या नोंदी पुसतो. एवढ्यात एखाद्या थ्रेडनं तेच पान मागितलं तर त्याला ताटकळावं लागतं. मग ४ केबीची नक्कल नव्या नोडवर होते, खुणांच्या जागी नव्या नोंदी येतात आणि जुनं पान सुटतं.

आता निम्म्या पानांचं. हलवण्याआधी कर्नल पानाचे संदर्भ मोजतो. हिशेबाबाहेरचा संदर्भ निघाला, उदाहरणार्थ डीएमएसाठी (एखाद्या उपकरणानं रॅम थेट वाचण्या-लिहिण्यासाठी) पिन केलेलं पान, तर ते जागेवरच राहतं. (एमलॉक केलेलं मात्र हलतं. एमलॉकचं वचन रॅममध्ये राहण्याचं आहे, त्याच जागी राहण्याचं नाही. हे मलाही उशिराच कळलं.) पण तुम्ही रूट न होता कमांड चालवली म्हणता, म्हणून माझा संशय सामायिक पानांवर आहे. अनेक प्रोसेसमध्ये मॅप झालेली पानं हलवायला 'कॅप_सिस_नाइस' ही खास परवानगी लागते. मूव्ह_पेजेस कॉल वापरलात तर प्रत्येक पानाचा वेगळा स्टेटस मिळेल. तिथे 'ईअ‍ॅक्सेस' दिसला की समजा हेच.

पण भिया, मुळात हलवायची पाळी का आली? आमच्या दोन सॉकेटच्या मशीनवर एकच थ्रेड सगळा डेटा भरायचा. जो थ्रेड पानावर पहिल्यांदा लिहितो त्याच्या नोडवर लिनक्स ते पान देतो, म्हणून सगळा डेटा शून्य नोडवर आणि दुसऱ्या सॉकेटचे थ्रेड रडत. मी क्रॉनमधून (ठरल्या वेळी कमांड आपोआप चालवणाऱ्या सोयीतून) पानं हलवत बसलो होतो, आता हसू येतं. प्रत्येक थ्रेडला आपापल्या नोडवर बांधून आपापला हिस्सा भरायला लावला, तेव्हा क्रॉनची ती ओळ काढून टाकली. आवृत्ती ३.८ (२०१३) पासून कर्नल स्वतःही पानं थ्रेडजवळ आणतो, पण त्यासाठी मुद्दाम पेज फॉल्ट घडवतो, तो खर्च आहेच.

आधी प्रोसेसची न्यूमा_मॅप्स फाइल उघडा. एन० आणि एन१ पुढचे आकडे म्हणजे त्या नोडवरची पानं. ते इथे टाका, मग बघू.