मिस्टर ट्रकवर असतात, गाडीत जेवण आणि इन्सुलिन गार कसं ठेवायचं? छोटा फ्रिज घ्यावा का?

ताई, तुम्ही लिहिलंय की मिस्टर नाशिकहून कांदा भरून कोलकात्याला जातात, आठ-दहा दिवस गाडीतच राहणं, घरून दिलेली भाजी दुसऱ्या दिवशी आंबते, दूध फाटतं आणि आता डॉक्टरांनी इन्सुलिन पण चालू केलंय, तर फ्रिज बसवावा का. मी पण ड्रायव्हरच आहे, धुळे-अकोला-नागपूर-रायपूर-संबलपूर ही लाइन रोजच्या माहितीतली, म्हणून सविस्तर सांगतो. फ्रिज लागेल की नाही ते शेवटी ठरवू, आधी हे ठरवा की दाजींसोबत गार ठेवायलाच पाहिजे अशा वस्तू किती जातायत. त्या कमी केल्या की अर्धं काम तिथेच होतं.

इन्सुलिनचं पहिलं बोलतो कारण भाजी आंबली तर फेकून देता येते, इन्सुलिन बिघडलं तर कळत पण नाही आणि शुगर वर जात राहते. न उघडलेलं पेन किंवा बाटली 2 ते 8 डिग्रीत ठेवायची असते, पण एकदा वापरायला काढलेलं बहुतेक इन्सुलिन साधारण 4 आठवडे बाहेर चालतं, फक्त तापमान 25-30 डिग्रीच्या वर जायला नको (कंपनीप्रमाणे फरक असतो, पाकिटातल्या कागदावर लिहिलेलं असतं, डॉक्टरांना पण विचारून घ्या). म्हणजे चालू पेनला फ्रिज लागत नाही, उन्हापासून वाचवणं लागतं. मे महिन्यात नागपूरला उन्हात उभ्या गाडीची केबिन आतून 50 च्या वर जाते, डॅशबोर्डवर तर हात ठेववत नाही, आणि नेमकं तिथेच सगळे औषधं ठेवतात! पेन डॅशबोर्डवर नाही, इंजिनच्या बोनेटजवळ नाही, दरवाजाच्या खिशात पण नाही. पाण्यात भिजवून वापरायचे इन्सुलिनचे पाऊच मिळतात, ते घ्या. आणि बर्फाला चिकटून पेन कधीच ठेवायचं नाही, गोठलेलं इन्सुलिन परत वितळून साधं दिसलं तरी ते वाया गेलेलं असतं. मी तर म्हणतो चालू पेन आणि एक जास्तीचं एवढंच द्या, बाकी घरच्या फ्रिजमध्ये राहू द्या, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो दाजींच्या मोबाईलमध्ये असू द्या म्हणजे अडचण आलीच तर वाटेत मेडिकलवाल्याला दाखवता येईल.

आता जेवण. घरून निघताना भाजी गरम-गरम डब्यात भरून झाकण लावलं की आत वाफ धरते आणि ती भाजी रात्रीपर्यंत आंबायला लागते, हे फार घरांत होतं. पूर्ण निवू द्या मग भरा, डबा आतून कोरडा पाहिजे. रस्साभाजी, ओलं खोबरं, उकडलेला बटाटा असलं काही देऊ नका, त्याऐवजी तेलावर परतलेली कारल्याची किंवा भेंडीची सुकी भाजी, आणि ती पण पहिल्या दिवसापुरतीच. पुढच्या दिवसांना आपल्या जुन्या वस्तूच कामाला येतात, शेंगदाण्याची चटणी, कारळाची चटणी, लसणाची चटणी, लोणचं, आणि सोलापूरकडची ज्वारी-बाजरीची कडक भाकरी जी नीट बंद डब्यात आठवडे राहते. कडक भाकरी चुरून वर गरम वरण किंवा धाब्यावरची डाळ घेतली की पोटभर होतं. दूध टेट्रा पॅकचं 200 मिलीचं घ्या, न उघडता महिनोन्महिने बाहेर राहतं, उघडलं की तेवढं संपवायचं. शिजवलेला भात मात्र दुसऱ्या दिवसासाठी अजिबात ठेवू देऊ नका, भातातल्या जंतूंचं विष परत गरम करून जात नाही, ड्रायव्हर लोकांची पोटं यानेच बिघडतात असं माझं मत आहे. चिकन-मटण खायचं असेल तर मुक्कामाला ताजं घ्यायचं आणि तिथेच शिजवून संपवायचं.

एवढं कमी केलं की गार ठेवायला उरतं काय, थोडं दही, दोन-तीन दिवसांची हिरवी भाजी, कधी पनीर आणि ते जास्तीचं पेन. याला बर्फाचा डबा पुरतो. कॅटरिंगवाले वापरतात तसा जाड भिंतीचा आईस बॉक्स घ्या, बजेट नसेल तर मासळीवाल्यांचा थर्माकोलचा बॉक्स पण चालतो, फक्त त्याला बाहेरून गोधडी गुंडाळायची. एक किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता ओढून घेतो तेवढ्यात एक लिटर पाणी 80 डिग्रीवरून शून्यावर येईल, इतकी ताकद त्यात आहे, म्हणून बर्फाला कमी समजू नका. फोडलेला बर्फ लवकर जातो, मोठा तुकडा टिकतो. आणि कारखान्यातल्या लादीचा बर्फ जेवणाला लागू द्यायचा नाही, महाराष्ट्रात 2018 पासून खाण्याचा नसलेला बर्फ निळसर रंगाचा करायचा नियम आहे, पण रंग दिसला नाही म्हणून तो चांगल्या पाण्याचा असेलच असं नाही.

माझी पद्धत सांगतो, मी लादी घेतच नाही. एक लिटरच्या पाण्याच्या बाटल्या, वर चार बोटं जागा सोडून, ओळखीच्या धाब्यावर किंवा डेअरीवाल्याकडे डीप फ्रीजरमध्ये टाकायला देतो, जेवण होऊन झोप होईपर्यंत बऱ्यापैकी गोठतात, नाहीतर येतानाच्या खेपेला उचलतो आणि रिकाम्या झालेल्या त्याच्याकडे ठेवतो. दहा-वीस रुपये घेतात, कोणी घेत पण नाहीत. बॉक्सच्या तळाला दोन बाटल्या आडव्या, त्यावर जाड टॉवेलची घडी, मग दह्याचा आणि पनीरचा घट्ट झाकणाचा डबा, भाजी कापडात गुंडाळून बाजूला, परत वर एक बाटली कारण गार हवा खाली उतरते, आणि उरलेल्या जागेत रिकामं काही न ठेवता टॉवेल कोंबायचा. पेन वेगळ्या डबीत, टॉवेलमध्ये गुंडाळून, भाजीच्या बाजूला. आत एक छोटा थर्मामीटर टाकून ठेवा, अंदाजाने चालायला नको. वितळलेलं पाणी प्यायला होतं हा वरचा फायदा. बॉक्स क्लिनरच्या सीटखाली किंवा मागच्या बर्थखाली सावलीच्या बाजूला बांधून टाकायचा, दिवसातून दोनदाच उघडायचा.

धुळ्यापासून रायपूरपर्यंत उन्हाळ्यात हवा कोरडी असते तिथे ओल्या गोणपाटाचं काम जबरदस्त आहे. जुने ड्रायव्हर बाहेर कॅनव्हासची छागल म्हणजे पाण्याची पिशवी टांगायचे, गाडी चालली की वारा लागून पाणी असं गार व्हायचं की दात कळकळायचे. टोमॅटो, काकडी, मिरची, लिंबू ओल्या कापडात गुंडाळून जाळीच्या पिशवीत हवा लागेल अशी टांगली तर दोन-तीन दिवस आरामात राहते. पण खरगपूर ओलांडलं की हे बंद पडतं, हवेतच ओल असते, कापडातलं पाणी उडतच नाही. आणि नेमकं तिथेच अनलोडिंगला नंबर लागायची वाट बघत दोन-दोन दिवस गाडी उभी राहते, तेव्हा बर्फ पाहिजेच.

आता फ्रिज. दोन प्रकार येतात. चार-पाच हजारवाला छोटा, ज्यात कॉम्प्रेसर नसतो, विजेवर गार होणारी पट्टी आणि पंखा असतो, तो बाहेरच्यापेक्षा 15-20 डिग्रीच खाली नेतो, म्हणजे बाहेर 45 असताना आत 25-30. हा घेऊ नका, पैसे जातील आणि बॅटरी पण खाईल. दुसरा कॉम्प्रेसरवाला, हा खरा फ्रिज, महाग आहे, पंधरा-वीस हजारांच्या पुढेच धरा, पण बाहेर कितीही ऊन असो 4 डिग्री देतो. घेताना 12 आणि 24 व्होल्ट दोन्हीवर चालणारा बघा कारण मोठ्या ट्रकला 24 व्होल्ट असतं. काही वायरमन दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरून 12 व्होल्ट काढून देतात, ते करू देऊ नका, एक बॅटरी उतरत जाते आणि दुसरी जास्त चार्ज होऊन दोन्हीचं आयुष्य संपतं. वायर जाड, फ्यूज वेगळा, आणि फ्रिजमध्ये बॅटरी वाचवण्याची सेटिंग असते ती हाय वर, म्हणजे रात्री उभ्या गाडीत बॅटरी उतरायच्या आत फ्रिज स्वतः बंद होईल आणि सकाळी सेल्फ लागेल. गाडी शेठची असेल तर वायरिंगला हात लावायच्या आधी शेठला विचारा.

सध्या तरी बॉक्स, थर्मामीटर आणि इन्सुलिनचा पाऊच एवढंच घ्या, एक-दोन खेपा बघा. बॉक्समध्ये पेनजवळचं तापमान 8 च्या वर जात राहिलं, किंवा डॉक्टरांनी दोन-तीन पेनं सोबत ठेवायला सांगितली, तर कॉम्प्रेसरवाल्याला पैसे घाला. गाडी कुठलं मॉडेल आहे आणि बर्थखाली जागा किती ते दाजींना विचारून कळवा, त्या मापाचा बॉक्स सांगतो.