‘कैची’ला वासा म्हणू नका

अमेरिकेतल्या घरांचे आराखडे पुण्यात बसून करणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे, की नव्या मुलांसाठी सॉफ्टवेअरची टिपणे मराठीत लिहिताना छपरातल्या ‘गर्डर ट्रस’ला ‘मुख्य वासा’ म्हटले तर चालेल का?

मुळीच नाही. छपराखाली तिरपे लाकूड दिसले की त्याला वासा म्हणून मोकळे व्हायचे, हे हल्ली फार कानावर येते. खाल्ल्या घरचे वासे मोजणारा काय मोजतो? आढ्यापासून भिंतीपर्यंत उतरलेले एकेक लाकूड. वासा म्हणजे संस्कृत ‘वंश’, बांबू. तो एकटाच असतो. ट्रस ही दोन तिरप्या, एक आडवी आणि मधले आधार अशी जोडलेली चौकट. कोणत्याही शेडवाल्या फॅब्रिकेटरला विचारा, तो तिला कैची म्हणतो.

कैची हा शब्द तुर्की कुळातला, फारसीतून आपल्याकडे आला. अझरबैजानमध्ये आजही ‘कायची’ म्हणजे कात्रीच. हिंदीने तो कापायच्या कामासाठी ठेवला. मराठीत ती जागा कातर-कात्रीने आधीच धरून ठेवली होती, म्हणून माझ्या मते आपल्याकडे कैचीची धार गेली आणि आकार व पकड तेवढी उरली. पाहा ना, माणूस कैचीत सापडतो, तेव्हा त्याला कोणी कापत नाही, दोन्ही बाजूंनी आवळतात. कुस्तीतली कैचीही दोन पायांची पकडच. छपराची कैची याच घरातली: दोन पाय वर एकत्र आलेले. मजा म्हणजे इस्तंबूलच्या तुर्कीत कात्रीला अरबीतून आलेला ‘मकास’ हा निराळाच शब्द आहे, तरी छपराच्या ट्रसला ते ‘चाती मकासी’, छपराची कात्री, असेच म्हणतात. इराणी माणूस मात्र तिला ‘खरपा’ म्हणतो, त्यातला ‘पा’ म्हणजे पाय!

कैची हा ‘कर्तरी’चाच अपभ्रंश, असे ठासून सांगणारे पंडित आहेत. कर्तरीचे कत्तरी आणि त्यातून कातर, कात्री. हा रस्ता सरळ आहे. त्यात ‘च’ कुठून उपटला, ते त्यांनी सांगावे. आणि परका म्हणून कैची टाकून ‘त्रिकोणिका’ घडवणाऱ्यांनी एकदा शेडच्या कामावर जाऊन तो शब्द उच्चारून पाहावा. खुद्द इंग्रजी ‘ट्रस’ तरी कुठे घरचा आहे? जुन्या फ्रेंचमधून आलेला, मुळात गाठोडे बांधणे अशा अर्थाचा. नवरीच्या कपड्यालत्त्याचा ‘ट्रूसो’ त्याचाच भाऊबंद.

आता गर्डर. ही कैची नुसते छप्पर धरत नाही, दुसऱ्या कैच्यांचा भार घेते. म्हणजे काम तुळईचे, अंग कैचीचे. म्हणून ‘तुळकैची’ म्हणा. तुळई ‘तुला’वरून आली, आणि संस्कृतात तुला म्हणजे तराजू तसेच घराची तुळईही. टिपणात एवढे जरूर लिहा: चौपाखी, म्हणजे चारही बाजूंना उतरणाऱ्या छपरात टोकाच्या भिंतीपासून साधारण 7-8 फुटांवर तुळकैची येते, भिंतीकडच्या छोट्या कैच्या तिच्या खालच्या आडवीला हँगरने, म्हणजे लोखंडी पत्र्याच्या झोळीसारख्या आधाराने लटकतात. साध्या कैच्या बहुधा एकमेकींपासून 24 इंचांवर, एकेरी, तर तुळकैची दोन-तीन पदरी, म्हणजे दोन-तीन कैच्या अंगाला अंग लावून जोडलेली. सॉफ्टवेअरमध्ये मुले साधी कैची काढून तिलाच गर्डर असे नाव देतात, जाडी एकेरीच राहते. मग छोट्या कैच्या तिच्या अंगात घुसलेल्या दिसतात. आधी पदरांची जाडी द्यायची, मग छोट्या कैच्या तिच्या दर्शनी बाजूवर तोडायच्या. किती पदर आणि कोणते हँगर, हे कैच्या बनवणाऱ्या कारखान्याचा अभियंता भार काढून ठरवतो. आराखड्यात तो अंदाजच असतो.

अनेकवचन ‘कैच्या’. हिंदीच्या नादाने ‘कैंचियाँ’ छापलेले पाहिले आहे, ते टिपणात येऊ देऊ नका.