जुळतंय म्हणजे सापडलं असं नाही

तुझा मेल वाचला. कवितेतल्या त्या ओळीसारखीच ओळ एका जुन्या नाटकात मिळाली, आता 'उगम सापडला' म्हणून प्रबंधात टाकू का, असं विचारतेयस. नको टाकूस. कवीनं ते नाटक वाचलं होतं का, ते आधी सांग.

इंग्रजी कवी टी. एस. एलियटची 'द वेस्ट लँड' ही दीर्घ कविता घे, १९२२ ची. त्यात सुरुवातीलाच ती मारी, बर्फावरची घसरगाडी, तिचा नात्यातला आर्चड्यूक भाऊ, म्हणजे ऑस्ट्रियाचा राजपुत्र. १९५४ साली एका लेखानं दाखवून दिलं की हे ऑस्ट्रियाच्या सम्राज्ञीची भाची काउंटेस मारी लॅरिश हिच्या १९१३ च्या आठवणींच्या पुस्तकाशी जुळतं, नाव जुळतं, घराणं जुळतं, अजून काय पाहिजे? मग १९७१ ला एलियटची बायको व्हॅलरी एलियट हिनं कवितेच्या हस्तलिखितांची आवृत्ती काढली आणि त्यात सांगितलं की एलियट त्या बाईंना प्रत्यक्ष भेटला होता, घसरगाडीचं वर्णन त्यांच्या बोलण्यातून शब्दशः उचललंय. बाई खरी, पुस्तक खरं, पण ओळ आली गप्पांतून! म्हणून परत विचारतो, कवीपर्यंत ते पोचलं कसं?

आणि अख्खी ओळ सर्चमध्ये टाकून हात टेकू नकोस गं. जुना इंग्रजी नाटककार वेब्स्टर, त्याच्या 'व्हाइट डेव्हिल' नाटकातल्या लांडग्याचा एलियटनं कुत्रा केला, शत्रूचा मित्र केला, तशी ओळ शोधून काय मिळणार? सुटे दोन-तीन शब्द घेऊन शोध. कवीची पत्रं बघ, त्यानं लिहिलेली परीक्षणं बघ, शिकताना-शिकवताना काय नेमलेलं होतं ते बघ. 'वेस्ट लँड'मधल्याच मिसेस पोर्टरच्या ओळींबद्दल तर एलियटनं स्वतःच टीपेत लिहिलंय, मूळ गाणं कुठलं माहीत नाही, सिडनीहून कळलं. अशा वेळी छापील पुरावा निघेलच असंही नाही.

माझाही असाच एक लेख तयार आहे, एका कवितेचं एका पुस्तकाशी साम्य दाखवणारा, पण छापलेला नाही, कारण कवीच्या पत्रांत त्या पुस्तकाचा उल्लेखच सापडत नाही. दरम्यान दुसऱ्या कुणीतरी तेच साम्य 'उगम' म्हणून छापलं, आता सगळे त्यालाच सायटेशन देतात. वाईट वाटतं, खूप वाटतं. हट्ट नडला म्हणतात लोक. नाही नडला. कवीच्या हातात ते पुस्तक होतं हे मला दाखवता आलं नव्हतं, आणि त्या छापलेल्या लेखातही ते कुठंच नाहीये.

सध्या तळटीपेत 'तुलना करा' एवढंच लिही. गाईड कुरकुरले तर मी बोलतो त्यांच्याशी. आणि तुला मिळालेली ती नाटकाची आवृत्ती कवितेच्या आधी निघाली की नंतर, ते आजच बघून कळव.