पोलो जीटीचे टायर बदलायचे आहेत. परफॉर्मन्स टायर घ्यावेत का, घेतले तर कुठले, आणि साइज वाढवून रुंद टाकावेत का?

परफॉर्मन्स टायर जरूर घ्या. साइज मात्र वाढवू नका.

तुम्ही लिहिलंय की गाडी २०१८ ची फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय आहे, कंपनीचा साइज १९५/५५ आर १६, बेचाळीस हजार किलोमीटर झालेत, रोज कासारवडवली ते ऐरोली आणि महिन्यातून एकदा पुणे किंवा नाशिक. टायरवाला म्हणतोय की अलॉय रिमसकट २१५/४० आर १७ टाका, गाडी रस्त्याला चिकटून चालेल. माझ्याकडेही हीच गाडी आहे, मी ठाण्यात मानपाड्याला राहतो, आणि आता टायरचा तिसरा सेट चालू आहे. दुसरा सेट निवडताना माझी मोठी चूक झाली होती, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

कंपनीचे टायर संपले तेव्हा मी दुकानात एकच प्रश्न विचारला होता: सगळ्यात जास्त कुठला चालेल? त्यांनी कडक रबराचा एक सेट दिला. सहा महिने कोरड्यात काहीच जाणवलं नाही. मग जूनमधला पहिला पाऊस आला. पातलीपाड्याच्या पुलावरून उतरत होतो, वेग पन्नासच्या आसपास, पुढे रिक्षा अचानक थांबली. ब्रेक पूर्ण दाबला, एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) पायाखाली थडथडायला लागलं आणि गाडी तशीच पुढे सरकत राहिली. रिक्षाच्या मागे हातभर अंतरावर थांबली. मागच्या सीटवर माझी मुलगी होती. ब्रेक चांगले होते, एबीएस त्याचं काम करत होतं, टायरवरच्या खाचांची नक्षीसुद्धा नवी होती. ओल्या रस्त्यावर रबरच पकडत नव्हतं. घरी येऊन टायरची तारीख वाचली तर बसवले त्या दिवशीच ते साडेतीन वर्षं जुने होते.

त्यामुळे परफॉर्मन्स या शब्दाचा आपल्याकडचा अर्थ माझ्यासाठी एकच आहे: ओल्या रस्त्यावर गाडी किती कमी अंतरात थांबते. वळणावरचा वेग, स्टिअरिंगची धार हे सगळं चांगल्या टायरबरोबर आपोआप येतं, पण निवड त्यावरून करू नका. ठाण्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. त्यातही पहिले दोन-तीन पाऊस सगळ्यात वाईट, कारण उन्हाळाभर साचलेलं तेल, धूळ आणि रबराची भुकटी पाण्यात मिसळून रस्त्यावर साबणासारखा थर होतो. आपल्या घोडबंदर रोडवर त्यात मेट्रोच्या कामाची माती असते.

हवामानाच्या बाबतीत एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. युरोपात ज्यांना उन्हाळी टायर म्हणतात, त्यांचं रबर साधारण सात अंश सेल्सिअसच्या खाली कडक व्हायला लागतं, म्हणून तिकडे हिवाळ्यात टायर बदलतात. ठाण्यात तेवढी थंडी पडतच नाही. म्हणजे उन्हाळी परफॉर्मन्स टायर आपल्याला बारा महिने चालतो आणि ‘ऑल सीझन’ नावाला जास्तीचे पैसे मोजायची गरज नाही. चांगल्या आधुनिक टायरच्या रबरात सिलिका भरपूर असते. ओल्यातली पकड तिच्यामुळे वाढते आणि तरीही टायर ओढायला जड होत नाही, पेट्रोल वाया जात नाही. पूर्वी या दोन्ही गोष्टी एकत्र मिळत नसत.

आता रुंदीचं. २१५/४० आर १७ या आकड्यांत पहिला रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो, दुसरा बगलेची, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची, उंची रुंदीच्या किती टक्के ते, आणि शेवटचा रिम किती इंची ते. तुमच्या मूळ टायरची बगल १९५ च्या ५५ टक्के, म्हणजे सुमारे १०७ मिलिमीटर. दुकानदार सांगतोय त्याची ८६. खड्ड्यात चाक आदळतं तेव्हा रिम आणि रस्ता यांच्यामध्ये हीच उंची असते. गायमुख घाट किंवा मुंब्रा बायपास ऑगस्टमध्ये एकदा आठवून बघा. एकवीस मिलिमीटर कमी झाल्यावर टायरच्या बगलेला फुगा येतो, अलॉय वाकतं, आणि फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, फेकावाच लागतो. विम्याकडूनही फार आशा ठेवू नका. नेहमीच्या पॉलिसीत फक्त टायरचं नुकसान धरत नाहीत. गाडीलाही त्याच वेळी मार बसला असेल तर मिळतं, तेही टायरच्या किमतीच्या निम्मंच.

शिवाय चाकाचा पूर्ण व्यास बदलतो. मूळ टायरचा सुमारे ६२१ मिलिमीटर, त्या सतरा इंचीचा ६०४. जवळजवळ पावणेतीन टक्के फरक. स्पीडोमीटर चुकीचं दाखवणार आणि जमिनीपासूनची उंची आठ-नऊ मिलिमीटर कमी होणार. आपल्या सोसायट्यांचे स्पीडब्रेकर बघता तेवढीही द्यायची माझी तयारी नाही. कोणी सोळा इंचातच २०५/५५ सुचवलं तर व्यास पावणेदोन टक्के वाढतो. बरेच जण तो टाकतात आणि चालतोही, पण चाक पूर्ण वळवून, गाडीत चार माणसं बसवून कुठे घासत नाही ना ते आधी बघावं लागतं. १९५/५५ मध्येच उत्तम टायर मिळत असताना ही खटपट कशाला, असं माझं मत आहे.

रुंद टायर पाण्यात जास्त चांगला, हा समज तर पूर्ण उलटा आहे. साचलेलं पाणी टायरला बाजूला सारावं लागतं. टायर जितका रुंद, तितकं जास्त पाणी तेवढ्याच वेळात हलवायला हवं. ते जमलं नाही की चाक पाण्यावर तरंगतं आणि मग स्टिअरिंग, ब्रेक कशालाच अर्थ राहत नाही. अमेरिकेच्या नासाने १९६० च्या दशकात विमानांच्या चाकांवर प्रयोग करून याचं एक सोपं सूत्र काढलं होतं. पाणी नक्षीच्या खोलीपेक्षा जास्त असेल, तर तरंगायला लागण्याचा वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळावर ठरतो. ३२ पीएसआयला (पीएसआय हे हवेच्या दाबाचं माप) तो ताशी सुमारे ९४ किलोमीटर येतो, २५ पीएसआयला ८३. सूत्र ढोबळ आहे, गाडीच्या टायरची नक्षी आणि रुंदी त्यात नाही. पण हवा सात पीएसआय कमी असली तर अकरा किलोमीटर आधीच चाक सुटू शकतं, एवढं त्यातून नक्की कळतं. पावसात पुण्याला जाताना एक्स्प्रेसवेवर तुम्ही नेमके याच वेगात असता.

म्हणून नक्षीची खोली मोजा. नव्या टायरला ती साधारण आठ मिलिमीटर असते. खाचांच्या तळाशी रबराचे जे बारीक उंचवटे असतात ते १.६ मिलिमीटरचे, टायर तिथवर झिजला की संपला. पण पावसासाठी मी ३ मिलिमीटर हीच हद्द धरतो, त्याखाली ओल्यातलं थांबण्याचं अंतर झपाट्याने वाढतं. खोली मोजायचं गेज अगदी स्वस्तात मिळतं. तुमची गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असल्याने पुढचे दोन आधी झिजलेले असणार. बेचाळीस हजारांवर तिथे तीनच्या आसपास उरलं असेल तर पाऊस संपायची वाट बघू नका, मे महिन्यातच बदला.

निवडताना बगलेवर वाचायच्या गोष्टी थोड्याच आहेत. साइजपुढचा ८७ व्ही यातला ८७ म्हणजे एका टायरवर ५४५ किलो भार आणि व्ही म्हणजे ताशी २४० किलोमीटरपर्यंतची क्षमता. यापेक्षा खालचं काही घेऊ नका. ९१ व्ही, एक्सएल लिहिलेला मिळाला तर तो ६१५ किलोचा, आतून जास्त मजबूत केलेला असतो. ट्रेडवेअर नावाचा आकडा असतो, तो अमेरिकेच्या पद्धतीचा आहे आणि झिजण्याबद्दल आहे. ग्रेड कंपनी स्वतःच देते, म्हणून दोन वेगळ्या कंपन्यांचे आकडे एकमेकांशी तोलू नयेत. तरी ढोबळमानाने २०० च्या आसपासचा टायर शर्यतीच्या ट्रॅककडे झुकलेला असतो. त्याला खाचा कमी असतात, कोरड्यात विलक्षण पकडतो आणि साचलेल्या पाण्यात लवकर तरंगतो. तो आपल्यासाठी नाही. ३०० ते ४०० च्या पट्ट्यात शोधा. त्याच ओळीत ट्रॅक्शन लिहिलेलं असतं, ते मात्र ओल्या पृष्ठभागावरच्या सरळ ब्रेकिंगचं आहे. डबल ए उत्तम, ए चांगला, बी असेल तर सोडून द्या. माझ्या त्या चुकलेल्या सेटवर बी होतं आणि मला त्याचा अर्थच माहीत नव्हता.

काही टायरवर ऊर्जाबचतीचे तारे असतात, ते पेट्रोल वाचवण्याबद्दल आहेत, पकडीबद्दल नाहीत. युरोपीय लेबलवर ओल्या पकडीची श्रेणी ए ते ई अशी असते आणि ती इंटरनेटवर सापडते. पण त्याच नावाचा टायर भारतात बनत असेल तर रबर वेगळं असू शकतं, त्यामुळे हातातल्या टायरवर काय छापलंय ते बघा.

नावं विचारलीत म्हणून सांगतो. मिशेलिनची पायलट स्पोर्ट मालिका, कॉन्टिनेंटलचा मॅक्सकॉन्टॅक्ट, योकोहामाचा अ‍ॅडव्हान, ब्रिजस्टोनचा पोटेन्झा, आणि अपोलोने २००९ मध्ये विकत घेतलेल्या व्रेडेस्टाइनचा अल्ट्राक, या ओळीतल्या टायरांची चौकशी करा. थोडं शांत आणि जास्त टिकणारं हवं असेल तर मिशेलिनचा प्रायमसी किंवा कॉन्टिनेंटलचा अल्ट्राकॉन्टॅक्ट. रोज ऐरोलीपर्यंतच्या ट्रॅफिकसाठी आणि अधूनमधून घाटासाठी मला स्वतःला हा दुसरा गट पुरेसा वाटतो, माझा आत्ताचा सेट त्यातलाच आहे. तुम्हाला गाडी मनापासून चालवायला आवडत असेल तर पहिला गट घ्या, तो लवकर झिजेल हे धरूनच. जून २०२० पासून नव्या टायरांच्या आयातीवर सरकारचे निर्बंध आहेत, त्यामुळे कुठला टायर कुठल्या साइजमध्ये कधी मिळेल याचा भरवसा नसतो. दोन-तीन दुकानांत फोन करून साइज आणि तारीख दोन्ही विचारा. जुनं बजेट डोक्यात असेल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, बिलात तेवढाच लावलाय ना ते बघा.

तारीख म्हणजे बगलेवरच्या डीओटी कोडचे शेवटचे चार आकडे. २३२५ असेल तर २०२५ चा तेविसावा आठवडा. सहा महिन्यांच्या आतला मागा, वर्षापेक्षा जुना नको. कोड कधी कधी टायरच्या एकाच बाजूला असतो, म्हणून बसवण्याआधीच चारही टायर उलटून बघा. दुकानदार कुरकुर करेल, करू दे.

बसवताना मात्र तिथेच उभे राहा. या टायरांपैकी बऱ्याच टायरांची नक्षी आतल्या आणि बाहेरच्या बाजूला वेगळी असते आणि बगलेवर इंग्रजीत ‘आउटसाइड’ छापलेलं असतं. घाईत एखादं उलटं बसतं, आणि पाणी काढणाऱ्या खाचा चुकीच्या बाजूला जातात. व्हॉल्व्ह नवे घ्या. बोल्ट गनने कचकचून आवळू देऊ नका, पोलोला १२० न्यूटन मीटर लागतात, शेवटचा पीळ टॉर्कच्या पान्यानेच (ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या) द्यायला सांगा. बॅलन्सिंग, अलाइनमेंट त्याच दिवशी. नायट्रोजनवर पैसे घालवू नका, साध्या हवेत ७८ टक्के तोच असतो.

पैशांची ओढ असेल आणि आत्ता दोनच घ्यायचे असतील, तर नवे दोन मागे टाका. टायरवाला पुढे टाका म्हणेल, कारण ओढणारी चाकं पुढची. पण पावसात पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाते आणि वेग कमी केल्यावर सावरते. मागची घसरली तर गाडी गर्रकन फिरते आणि आपल्यासारख्या रोजच्या ड्रायव्हरला ती सावरता येत नाही.

हवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत किंवा दरवाजाच्या खांबावर लिहिलीय तेवढीच, आणि टायर थंड असताना. नाशिकला आता आमण्याहून समृद्धी महामार्गाने जात असाल तर निघण्याच्या दिवशी सकाळी नक्की तपासा. तिथे १२० ची मर्यादा आहे, काँक्रीट तापलेलं असतं, आणि हवा कमी असली की टायरची बगल सतत दुमडून आतून तापत जाते. टायर फुटतो तो बहुतेक वेळा असा. स्टेपनीचीही हवा बघा, आणि तिचा साइज वेगळा असेल तर तिच्यावर लिहिलेली वेगमर्यादा पाळा.

नव्या टायरवर साच्यातून निघताना लागलेला बुळबुळीत थर असतो, तो जाईपर्यंत पहिले दोन-तीनशे किलोमीटर जोरात ब्रेक आणि जोरात वळणं टाळा. तुमच्या रोजच्या अंतराचा विचार करता आठवडाभरात तेवढे होतील. दुकानात पोहोचलात की पैसे देण्याआधी बगलेचा फोटो इथे खाली टाका, साइज, ट्रॅक्शन आणि तारीख बघून मी लगेच सांगतो.