"फक्त चौकशी" चालू होती, मग भावाला घरी का सोडलं नाही?

प्रश्न: सर, माझ्या भावाला ऑफिसच्या पैशांच्या अफरातफरीत चौकशीला बोलावलं. बुधवारी संध्याकाळी सहाला तो स्वतःहून गेला, आठला निघतो म्हणाला तर सोडलं नाही, मोबाईल काढून घेतला. आम्हाला सांगितलं अटक नाहीये, फक्त चौकशी. कागदावर अटक दाखवली गुरुवारी रात्री नऊची आणि कोर्टात नेलं शुक्रवारी दुपारी तीनला. जबाबावर सही पण घेतली. मामा म्हणतात, काही केलं नसेल तर सगळं बोलून मोकळं व्हायचं. आता तो जामिनावर आहे. हे सगळं बरोबर होतं का?

उत्तर: ताई, आधी हिशोब करूया. कागद बघितला तर 18 तास, म्हणजे सगळं व्यवस्थित. पण बुधवारी आठपासून धरा, 43 तास होतात. संविधानाचं कलम 22 सांगतं की अटकेपासून 24 तासांत, प्रवासाचा वेळ सोडून, मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचं, आणि ही वेळ डायरीत लिहिली तेव्हापासून नाही, माणसाला जाऊ द्यायचं बंद केलं तेव्हापासून मोजायची असं मुंबई हायकोर्टाने 1990 मध्येच म्हटलंय. 2025 मध्ये ईडीच्या एका केसमध्ये असेच 24 तास ओलांडले म्हणून सुप्रीम कोर्टाने आरोपीचा जामीन कायम ठेवला. केस मात्र यामुळे रद्द होत नाही हं, ती चालणारच.

आता आठपासूनच अडवलं होतं हे सिद्ध कसं करायचं? तुमचे कॉल, डबा घेऊन कोण कधी गेलं ते, आणि मुख्य म्हणजे सीसीटीव्ही. पोलीस ठाण्यात कॅमेरे लावून रेकॉर्डिंग 18 महिने, किमान वर्षभर तरी ठेवायचं असं सुप्रीम कोर्टाने 2020 मध्ये सांगितलंय, म्हणून फुटेज जपून ठेवायचा अर्ज वकिलांना आत्ताच करायला सांगा, नंतर "कॅमेरा बंद होता" हे उत्तर ठरलेलं असतं.

अटकेची कारणं लेखी दिली होती का तेही बघा. नोव्हेंबर 2025 पासून सगळ्याच गुन्ह्यांत ती आरोपीला समजेल अशा भाषेत लेखी द्यावी लागतात, रिमांडला न्यायच्या निदान दोन तास आधी.

सहीचं काय, तर पोलिसांनी तपासात घेतलेल्या जबाबावर सही घ्यायचीच नाही असं कायदाच म्हणतो, आणि पोलिसांसमोर दिलेली कबुली पुरावा म्हणून चालत नाही. फक्त त्यातून एखादी वस्तू सापडली तर तेवढा भाग चालतो, आणि पोलिसांना बहुतेक वेळा तेवढाच हवा असतो. मामांचा सल्ला म्हणूनच मला पटत नाही. दमलेला माणूस रात्री दोनला तारखा चुकवतो आणि पुढे तीच चूक "खोटं बोलला" म्हणून त्याच्यावर येते. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती नाही हे कलम 20(3), त्यामुळे नार्कोसुद्धा संमतीशिवाय करता येत नाही (2010 चा निकाल). बोटांचे ठसे, हस्ताक्षर मात्र द्यावं लागतं.

प्रश्न: भयंकर गुन्हे करणाऱ्यांना फुकट वकील कशाला? आपल्या टॅक्समधून?

उत्तर: हा प्रश्न दर महिन्याला येतो. कसाबला वकील दिला होता, तरी 2012 मध्ये सुप्रीम कोर्टाने फाशी कायम केलीच, आणि त्याच निकालात सांगितलं की आरोपी पहिल्यांदा समोर आला की मॅजिस्ट्रेटने त्याला वकिलाचा हक्क समजावून सांगायचा. आपल्या वकिलाचा सल्ला घ्यायचा हक्कही ज्यात आहे ते कलम 22 सुद्धा उगाच आलेलं नाही, "ड्यू प्रोसेस" (न्याय्य कायदेशीर प्रक्रिया) शब्द मसुद्यातून गेल्यावर भरपाई म्हणून बाबासाहेबांनी सप्टेंबर 1949 मध्ये ते संविधान सभेत मांडलं. आणि फुकट वकील फक्त भयंकर गुन्हेवाल्यांनाच नाही, वरच्या ताईंच्या भावालाही मिळाला असता, कोठडीतल्या माणसाला त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. गुरुवारी कोणीतरी विधी सेवा प्राधिकरणाकडे नुसता अर्ज करायला हवा होता.